पाण्यात पडलेला मोबाईल आणि तांदळाचा डबा

आपल्या हॉस्टेलमध्ये वर्षाला किती मोबाईल पाण्यात पडतात याची नोंद कोणी ठेवत नाही. ठेवली असती तर रेक्टर सरांनी ती नोटीस बोर्डावर नक्की लावली असती. कोणाचा बादलीत पडतो, कोणाचा जीन्सच्या खिशासकट वॉशिंग पावडरमध्ये भिजत पडतो, कोणाचा स्टेशनवरून येताना पावसात चिंब होतो. एकाचा कुठे पडला ते त्याने अजून सांगितलेलं नाही आणि आम्हीही विचारत नाही. (त्याचा मोबाईल मात्र आम्ही हातात घेत नाही.)

असं काही झालं की पूर्ण मजला जमा होतो. कोणी फुंकर मारतो, कोणी हेअर ड्रायर शोधतो, आणि शेवटी एकजण मेसकडे धावतो, तांदूळ आणायला! दोन वर्षं हा धावणारा मीच होतो. जून २०२४ नंतर मी धावणं बंद केलं. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

आमचं गाव पाचोरा तालुक्यात, वरखेडीच्या बाजूला. परीक्षा संपवून घरी गेलो होतो. आबांनी, म्हणजे वडिलांनी, भाव वाढेल या आशेवर घरात भरून ठेवलेला कापूस पेरणीच्या तोंडावर अखेर विकला होता. खान्देशात हे बऱ्याच घरांत चालतं. कापूस आतल्या खोलीत आणि माणसं ओट्यावर. तर व्यापाऱ्याने निम्मे पैसे रोख दिले आणि उरलेले पंधरा दिवसांनी देतो म्हणाला. काट्याच्या पावत्या आणि वहीच्या पानावर लिहून दिलेला हिशोब आबांनी सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि शहाणपणा करून दोन्हीचे फोटोही काढून ठेवले. पुढे सदरा धुवायला गेला, पावत्यांचा लगदा झाला. आबा म्हणाले, "जाऊ दे, फोटो आहेत ना." आणि त्याच आठवड्यात बैलांना पाणी पाजताना ते हौदावर वाकले आणि त्याच खिशातून मोबाईल गडप!

मिनिटभरात मोबाईल बाहेर काढला. मी ई अँड टीसीचा विद्यार्थी, त्यामुळे घरातल्या सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. मी पहिलं काय केलं असेल? बटण दाबून पाहिलं. स्क्रीन लागली! मग टॉर्च लावून पाहिला, गाणं वाजवून पाहिलं, आत्याला फोन लावून "ऐकू येतंय का" विचारलं. सगळं ठीक. बॅटरी मात्र थोडीच उरली होती, म्हणून चार्जिंगला लावला आणि जेवायला बसलो. ताटावरून उठेपर्यंत स्क्रीनवर उभ्या रेघा आल्या होत्या, खालची बाजू गरम लागत होती आणि थोड्या वेळाने सगळंच काळं झालं.

मग आईने तो तांदळाच्या डब्यात ठेवला. (आजीचं मत होतं की ज्वारीत ठेवावा, ती जास्त कोरडी असते.) तीन दिवस पाऊस आणि पेरणीची गडबड. चौथ्या दिवशी मी तांदळाच्या पिशवीसकट मोबाईल घेऊन पाचोऱ्याला निघालो. पूर्वी असतो तर पीजेने गेलो असतो. पाचोरा ते जामनेर छप्पन्न किलोमीटर धावणारी ती छोटी गाडी २०२० साली बंद झाली, तेव्हा काळीपिवळी.

स्टेशनच्या बाजूला एका गल्लीत मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. दुकानदार दादा सुरतेला काम शिकून आलेला. त्याने पिशवी उघडली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कितला दिवस व्हयनात?"

"तीन."

"चार्जिंगले लायेल व्हता का?"

मी खाली मान घातली. दादा म्हणाला, "मंग आते तुले मोबाईलना भात करना शे का?"

दुकानातले सगळे हसले. मीही हसलो, पण आतून जीव अर्धा झाला होता. पंधरा दिवसांपैकी आठ गेले होते आणि हिशोबाचा दुसरा काहीच पुरावा आमच्याकडे नव्हता.

आता थोडं शास्त्र. पाणी मोबाईलला मारत नाही. पाणी आणि करंट दोघं मिळून मारतात. शुद्ध पाणी विजेचं फार वाईट वाहक आहे हे आपण अकरावीत शिकलो, पण हौदातलं पाणी म्हणजे बोअरचं पाणी. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड असे आयन भरपूर. आपल्या बाथरूममधल्या हीटरच्या कॉइलवर बसलेला पांढरा थर आठवा, तेच पाणी. मोबाईलची लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेली असताना साधारण ४.२ व्होल्ट देते. पाण्याचं विघटन व्हायला थिअरीप्रमाणे १.२३ व्होल्ट पुरतात. म्हणजे ओला मोबाईल चालू ठेवणं याचा अर्थ मदरबोर्डवर इलेक्ट्रोलिसिसचं प्रॅक्टिकल लावणं.

विश्वास नसेल तर करून पाहा. तीन पेन्सिल सेल सिरीजमध्ये जोडा, ४.५ व्होल्ट मिळतील. तांब्याच्या दोन वायर सोलून नळाच्या पाण्याच्या ग्लासात एकमेकींपासून सेंटिमीटरभर अंतरावर सोडा. चिमूटभर मीठ टाकलं तर काम लवकर होतं. निगेटिव्ह वायरवर बुडबुडे येतील. पॉझिटिव्ह वायर काळवंडेल आणि पाण्यात हिरवट-निळसर छटा येऊ लागेल. ती छटा म्हणजे तुमची वायर, विरघळलेली. (मोबाईलची जुनी बॅटरी मात्र या खेळात वापरू नका.) आता गणित करा. ग्लासात ४.५ व्होल्ट एका सेंटिमीटरवर आहेत, म्हणजे मीटरला ४५० व्होल्ट. मदरबोर्डवर दोन पॅडमध्ये ०.२ मिलिमीटर अंतर आणि त्यांच्यात ४ व्होल्ट धरले तर मीटरला २०,००० व्होल्ट! ग्लासाच्या चाळीसपटीहून जास्त. एका पॅडवरचा धातू आयन होऊन निघतो आणि दुसऱ्या पॅडवर झाडाच्या फांद्यांसारखा वाढत जातो. या फांद्यांना डेंड्राइट म्हणतात. फांदी पलीकडे टेकली की शॉर्ट. बॅकलाइटच्या सर्किटमध्ये व्होल्टेज बॅटरीपेक्षा बरंच वाढवलेलं असतं, म्हणून एलसीडीच्या फोनमध्ये स्क्रीनचा प्रकाश अनेकदा आधी जातो.

म्हणजे मी जेवत होतो तेव्हा माझ्या मोबाईलमध्ये हेच चाललं होतं, आणि चार्जर लावून मी त्याला वरून आणखी पाच व्होल्टचा पुरवठा दिला होता.

मग तांदूळ काय करतो? जवळपास काहीच नाही. साठवणीच्या तांदळात मुळातच बारा-चौदा टक्के ओलावा असतो आणि तो आजूबाजूच्या हवेशी जुळवून घेत असतो. पावसाळ्यात आपला डबा उघडला की दमट वास येतो तो उगाच नाही. त्यातून पाणी बसलेलं असतं मोबाईलच्या आत, पत्र्याच्या शील्डखाली आणि आयसीच्या पोटाखाली, जिथे केशाकर्षणाने ते धरून ठेवलेलं असतं. ते बाहेर येणार वाफ होऊन, बारीक फटींमधून. तांदूळ काही आत हात घालून ते ओढून काढत नाही. उलट तांदळाची भुकटी चार्जिंग पोर्टमध्ये जाते. २०२४ च्या सुरुवातीला ॲपल कंपनीने आपल्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलं की आयफोन तांदळात ठेवू नका, तांदळाचे कण फोन बिघडवू शकतात. मोबाईल वाळवायला तांदळाच्या बंद डब्यापेक्षा पंख्याखालचं टेबल बरं, कारण वाहती हवा ओलावा घेऊन जाते. सिलिका जेलच्या पुड्या तांदळापेक्षा चांगल्या, पण फटींची अडचण त्यांनाही तीच.

सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे तांदूळ आपल्याला दिलासा देतो. तीन दिवस आम्हाला वाटलं की इलाज चालू आहे. मोबाईल बंद दिसत असला तरी बॅटरी आत जोडलेलीच असते आणि बॅटरीच्या काही लाइनवर व्होल्टेज कायम असतं. म्हणजे डब्यात तीन दिवस प्रॅक्टिकल चालूच होतं, सावकाश. आणि पाणी वाळलं तरी क्षार जागेवर राहतात. पुन्हा दमट हवा लागली की ते ओलावा धरतात आणि काम पुन्हा सुरू. "पाण्यात पडला होता, चांगला चालला, महिन्याने अचानक गेला" असे जे किस्से आपण ऐकतो त्यातले बरेचसे अचानक नसतात.

आता दादाने काय केलं ते पाहा, कारण माझ्या दृष्टीने एका सेमिस्टरचं लॅब त्या दोन तासांत झालं. मागचं झाकण गरम करून काढलं आणि सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवलं. मग सिम ट्रेच्या जागी आतली छोटी पट्टी मला दाखवली. ती मूळची पांढरी असते, पाणी लागलं की लाल-गुलाबी होते. सर्व्हिस सेंटरवाले "पाण्यात पडला नव्हता" या आपल्या शपथेवर विश्वास का ठेवत नाहीत ते तेव्हा कळलं. बोर्ड बाहेर काढून शील्डचे पत्रे उचलले. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर चार्जिंग आयसीच्या भोवती हिरवी-पांढरी बुरशी आल्यासारखं दिसत होतं. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, म्हणजे दुकानाच्या भाषेत आयपीएमध्ये बुडवून मऊ ब्रशने घासला. आयपीए पाण्यात पूर्ण मिसळतं, त्याला फटीतून बाहेर काढतं आणि स्वतः ८२ अंशाच्या आसपास उकळणारं असल्याने पटकन उडून जातं. मग तो अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये ठेवला. जिथे ब्रश पोचत नाही तिथे द्रवातले सूक्ष्म बुडबुडे फुटून घाण सोडवतात.

(इथे एक सूचना. कोविडपासून पडून असलेलं सॅनिटायझर यासाठी वापरू नका. त्यात पाणी असतं आणि बऱ्याच बाटल्यांत ग्लिसरीनही, ते बोर्डवर चिकट थर सोडतं. आयपीए डिस्प्लेवर ओतू नका, आतल्या थरांत शिरतं. आणि ते पेट्रोलसारखं पेट घेतं, तेव्हा हॉस्टेलच्या रूममध्ये हीटरशेजारी प्रयोग नको.)

बोर्ड सुकल्यावर त्याने बॅटरी लावलीच नाही. डीसी पॉवर सप्लायला जोडला. चालू करायचं बटण दाबण्याआधी मीटरवर करंट जवळजवळ शून्य दिसायला हवा. इथे काटा लगेच वर गेला, म्हणजे मेन लाइनवर शॉर्ट. शॉर्ट कुठे आहे हे शोधायची त्याची पद्धत पाहून मला आपली पुस्तकं फेकून द्यावीशी वाटली. बोर्डवर आयपीएचा पातळ थर पसरला, सप्लाय कमी व्होल्टेजला ठेवून करंट दिला आणि पाहत बसला. एका जागचं आयपीए बाकीच्या आधी उडालं. तोच पार्ट गरम होत होता! बघितलं तर राईएवढा एक कपॅसिटर. दादाने हॉट एअर गनने तो काढून टाकला आणि काटा खाली आला.

"त्याच्या जागी नवा नाही लावायचा?" मी विचारलं.

"त्याला भाऊ आहेत अजून लाइनवर, सांभाळतील," दादा म्हणाला.

डिकपलिंग कपॅसिटर एकाच लाइनवर पॅरलल असतात, त्यातला एक गेला तर सर्किट बहुतेक वेळा चालतं, हे मी वायवाला पाठ करून सांगितलं होतं. ते भाऊ असतात हे त्या दिवशी समजलं.

डिस्प्ले गेलाच होता. दादाने त्याच मॉडेलचा दुसऱ्या फोनचा काच फुटलेला डिस्प्ले तात्पुरता जोडला, आणि मोबाईल चालू झाला. आबांचा पॅटर्न मला माहीत होता (गावातल्या निम्म्या लोकांना माहीत आहे, इंग्रजी एल). चार्जिंग पोर्ट खाल्लं गेलं होतं, केबलने कॉम्प्युटर ओळखेना. मग दुकानाचं वायफाय लावून गॅलरीतले सगळे फोटो ड्राइव्हवर चढवायला सुरुवात केली. एक टक्का, दोन टक्के... पावत्या आणि वहीचं पान वर गेलं तेव्हा मी पहिल्यांदा दुकानातल्या स्टुलावर नीट टेकलो.

तेवढ्या वेळात मी दादाला विचारलं की बोर्ड मेलाच असता तर मेमरीची आयसी काढून फोटो मिळाले नसते का? तो म्हणाला, जुन्या फोनमध्ये मिळायचे, आता नाही. नंतर वाचून पाहिलं तर खरंच आहे. अँड्रॉइड १० आणि त्यापुढच्या आवृत्तीसह बाजारात आलेल्या फोनमध्ये साठवलेली माहिती एन्क्रिप्ट करणं सक्तीचं झालं, आणि तिची किल्ली प्रोसेसरच्या सुरक्षित भागाशी बांधलेली असते. मेमरी वेगळी काढून वाचली तर नुसता गोंधळ हाती लागतो. चोरापासून बचाव म्हणून ही सोय उत्तम, पण पाण्यात पडलेल्या फोनच्या मालकालाही तोच नियम. म्हणजे फोटो हवे असतील तर बोर्ड जिवंत हवा, आणि बोर्ड जिवंत हवा असेल तर पहिल्या काही मिनिटांत गाढवपणा नको.

त्या मिनिटांत काय करावं? दादाचं उत्तर एका वाक्याचं होतं, "बंद कर आणि घेऊन ये." थोडं वाढवून सांगतो. चालू असला तर मेनूमधून लगेच बंद करा. बंद पडला असेल तर चालू होतो का हे पाहायचा मोह आवरा. यालाच जास्त ताकद लागते, माझ्यावर विश्वास ठेवा. मागचं झाकण हाताने निघत असेल तर बॅटरी काढा. सिम ट्रे बाहेर काढा, फडक्याने पुसा, पोर्ट खाली करून तळहातावर हलकेच आपटा. फुंकर नको, काडी नको, हेअर ड्रायर नको, कारण जोराची हवा पाणी आणखी आत ढकलते आणि उष्णतेने डिंक सुटतो. खान्देशातल्या मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर ठेवणंही नको. तिथे सावलीतच पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो आणि लिथियम बॅटरीला ते मानवत नाही. पंख्याखाली ठेवा आणि जमेल तितक्या लवकर कोणाकडून तरी बॅटरीचं कनेक्टर सोडवून घ्या. बॅटरी फुगली, गरम लागली किंवा फुसफुस आवाज आला तर मात्र सगळं सोडून फोन मोकळ्या जागी, वाळूवर किंवा फरशीवर ठेवा आणि दूर व्हा.

आणि सिम! प्लॅस्टिकमध्ये बंद असलेली ती चिप पाण्याला सहसा दाद देत नाही. पुसून लगेच दुसऱ्या फोनमध्ये घाला. महाडीबीटीच्या स्कॉलरशिपचा फॉर्म भरायच्या दिवसांत आधारशी जोडलेला नंबर बंद पडला म्हणजे काय होतं ते आपल्या विंगमधल्या कोणालाही विचारा.

"माझा फोन आयपी ६८ आहे, मला काय" असं म्हणणारेही आपल्याकडे आहेत. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटं, आणि ६८ म्हणजे त्याहून कडक, कंपनीने ठरवलेल्या अटीवर. चाचणी साध्या स्वच्छ स्थिर पाण्यात, नव्या फोनवर होते. निरम्याच्या बादलीत, दोन वर्षं वापरलेल्या आणि एकदा उघडून चिकटवलेल्या फोनवर नाही. रबर आणि डिंक म्हातारे होतात.

चिखलाच्या पाण्याची गोष्ट वेगळीच. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नद्यांचा पूर चाळीसगावात शिरला आणि कन्नड घाटात दरडी कोसळल्या, ते सर्वांना आठवत असेल. त्या वेळी तिकडचे बरेच फोन दादाकडे आले होते. तो म्हणाला, ज्यांनी चिखल तसाच वाळू दिला त्यांचे बोर्ड खरवडावे लागले. असा फोन बंद करून, बॅटरी सोडवून, आधी स्वच्छ पाण्याने धुवायचा असतो. पाण्यात पडलेला फोन पुन्हा पाण्यात! पण करंट नसेल तर स्वच्छ पाणी शत्रू नाही, हे एकदा डोक्यात बसलं की यात विचित्र काही वाटत नाही.

काही लोक दुसऱ्या टोकाला जातात. मे २०२३ मध्ये आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या कांकेर जिल्ह्यात एका अन्न निरीक्षकाचा महागडा फोन परळकोट जलाशयाच्या सांडव्याच्या पाण्यात पडला. त्यांनी पंप लावून लाखो लिटर पाणी उपसलं. फोन सापडला, पण चालू झाला नाही, आणि साहेब निलंबित झाले. इतके दिवस पाण्यात चालू राहिलेला फोन पंपाने कसा वाचणार?

आबांचा मोबाईल दोन दिवस चालला. दादाने आधीच सांगितलं होतं की चार्जिंग आयसीखाली गंज गेला आहे, भरवसा धरू नको. तिसऱ्या दिवशी तो जो बंद झाला तो झालाच. दादाने तांदळाची पिशवी परत दिली होती, आईने ते तांदूळ कोंबड्यांना टाकले. व्यापाऱ्याकडे मी आणि आबा दोघं गेलो. त्याने आपली वही काढली, त्यातला आकडा आमच्या आकड्यापेक्षा कमी होता. आबांनी काही न बोलता माझ्या मोबाईलवर फोटो उघडून पुढे सरकवला. पानावर अक्षर त्याचंच होतं. त्याने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं, "लिहिण्यात चूक झाली वाटतं" म्हणाला आणि नोटा मोजायला घेतल्या.

आबांकडे आता बटणांचा साधा फोन आहे. तो दुधाच्या पिशवीत गुंडाळून, पिशवीला रबर लावून ते सदऱ्याच्या खिशात ठेवतात. फोन वाजला की रबर सोडेपर्यंत तो बंद होतो आणि मग आबा मला मिस्ड कॉल देतात.